दीड किलोच्या लेन्सवाल्या साहेबांस, सा. न. वि. वि.

श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर
गळीत हंगाम संपता संपता

राजमान्य राजेश्री, छायाचित्रकारशिरोमणी, पांढऱ्याशुभ्र लेन्सचे धनी, परमआदरणीय साहेब यांचे सेवेशी,

श्रीपुरात लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या एका माणसाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र उघडं लिहितो आहे, पण त्यात आपलं नाव लिहीत नाही. ते आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही, तेवढं पुरे. शिवाय आपल्यासारखे आपण एकटे नाही. ज्याला ज्याला हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलं असं वाटेल, त्यानं ते खुशाल आपलं म्हणून वाचावं.

दोन हिवाळ्यांपूर्वी आपण आमच्या गावी पायधूळ झाडलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो. एरवी श्रीपुरात फोटो काढायला कोण येतं? चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या साखर कारखान्याभोवती हे गाव वाढलं. आज इथं पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचं धुराडं धूर सोडतं. दिवाळी सरली की बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात, बैलगाड्यांची रांग वजनकाट्यापासून थेट रस्त्यावर येते, आणि मळीचा वास घराघरांत मुक्कामाला येतो. आम्हाला हे रोजचं. आपण गाडीतून उतरलात, हात कमरेवर ठेवून पाहिलंत आणि म्हणालात, "काय सब्जेक्ट आहे!" आम्ही ज्यात राहतो त्याला सब्जेक्ट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. उपकार झाले.

मग आपण बॅग उघडलीत. देव्हाऱ्यातून मूर्ती बाहेर काढावी तशी दोन्ही हातांनी ती लेन्स काढलीत. सत्तर ते दोनशे मिलिमीटर, एफ/२.८, वजन दीड किलो, लांबी वीतभर, आणि हूड व कॅमेरा धरून हातभर. रंग असा की ढवळ्या बैलानंही मान वळवून बघावं. आपण त्या वेळी "मी अगदी नकळत टिपतो" असं सांगत होता, म्हणून मी मन लावून ऐकत होतो.

आपल्या नकळत टिपण्याची कीर्ती तेवढ्यात सगळ्या रांगेत पोचली. पुढच्या गाडीवानानं डोक्याचा टॉवेल सारखा केला. उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या बाईनं पदर तोंडावर ओढला. पोरं ओरडली, "पेपरवाले आले, पेपरवाले!" मुकादम चहा अर्धा टाकून विचारायला आला, "कुठल्या पेपरचे?" पाच मिनिटांपूर्वी जो रस्ता आपल्या तंद्रीत होता, तो शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोसाठी उभा राहावा तसा ताठ झाला. आपण त्याचे चाळीसेक फोटो काढलेत. त्या सगळ्या फोटोंत रस्ता आपल्याकडे बघतो आहे. असं भाग्य फार थोड्या छायाचित्रकारांना लाभतं.

मार्गदर्शनाबद्दल वेगळे आभार. त्या दिवशी आपली बॅग मी उचलली होती आणि माझ्या गळ्यात माझा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा होता, ३५ मिमी एफ/१.८ची छोटी लेन्स लावलेला. आपण तिच्याकडे बोट दाखवून विचारलंत, "ही डबी कशाला? एकच नंबर? मग जवळ-लांब कसं करणार?" त्याचं उत्तर 'पायांनी' असं होतं. पण मोठ्या माणसांपुढे आपलं उत्तर गिळायची मला सवय होती, ते मी गिळलं. महिनाभरात ती डबी विकली आणि दोन लग्नसराईंची कमाई घालून आपल्यासारखी लेन्स घेतली, जुनी.

ती लेन्स वाईट नाही, हे आधी कबूल करतो. मांडवात मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाटाच्या पलीकडे जाता येत नसताना, वधूचे डोळे टिपायचे तर तिच्यासारखी दुसरी नाही. कबड्डीच्या मैदानाबाहेरून, रिंगणात धावणाऱ्या अश्वासाठी दोरीच्या अलीकडून, तिचाच आधार. जिथं जवळ जायची मुभाच नसते, तिथं ती हवीच. आपला मोठेपणा असा की जिथं जवळ जायला कुणाची आडकाठी नव्हती, तिथंही आपण तीच वापरलीत.

आपल्यामुळे मी अंतराचा हिशेब शिकलो, तोही इथं मांडतो. फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या उभ्या चौकटीत एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा, तर ३५ मिमीच्या लेन्सनं पाच-साडेपाच फुटांवर उभं राहावं लागतं. ५० मिमीला आठेक फूट लागतात. २०० मिमीला तीस फुटांच्याही पलीकडे जावं लागतं, आणि क्रॉप सेन्सर असेल तर पंचेचाळीस फुटांवर. पाच फुटांवर माणूस आपला श्वास ऐकतो. आठ फुटांवर सहज बोलणं होतं. तीस फुटांवर हाक मारावी लागते. आपण हाक मारली नाहीत, हा आपला शांत स्वभाव.

उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो. तो उंट एवढा महाग मिळतो, हे मात्र आपण दाखवलंत.

पायांना विश्रांती दिलीत, त्याबद्दलही आभार. झूम फिरवली की जग पुढेमागे होतं आणि माणूस जागचा हलत नाही. अख्ख्या हंगामात मी एकाच लिंबाखाली उभा राहून फोटो काढले. घरी आल्यावर पाहिलं तर प्रत्येक फोटो त्या लिंबाच्या बाजूनंच घेतलेला. एक ठराविक नंबरची प्राइम लेन्स असती तर चार पावलं पुढे गेलो असतो, गुडघ्यावर बसलो असतो, गाडीच्या जुवाखालून पाहिलं असतं, एखाद्या गाडीवानाला "सरका की जरा" म्हणालो असतो, आणि त्या निमित्तानं त्याचं गाव विचारलं असतं. एकच नंबर महिनाभर लावून हिंडलं की चौकट डोळ्यांत बसते. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळतं, काय आत येणार आणि काय बाहेर राहणार. मग कॅमेरा वर जातो, एक क्षण थांबतो आणि खाली येतो. समोरच्याला त्याचा ताप होत नाही. नकळत टिपणं म्हणतात ते हे, साहेब.

वजनाबद्दलही ऋणी आहे. ऊसतोडीतली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते, तिच्यासमोर दीड किलोची तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही. पण जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिराची गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. त्याला दम्याचा विकार होता. काचेच्या प्लेटा आणि लाकडी पेटीचा कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला जमेना, म्हणून त्यानं सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा बनवला. तोच लायका, १९२५ पासून बाजारात आला. रस्त्यावरची पुष्कळशी छायाचित्रकला त्या एका दमेकऱ्याच्या छातीतून निघाली. आपण ती पुन्हा पेटीएवढी जड करून दाखवलीत.

त्याच लायकाला ५० मिमीची लेन्स लावून छायाचित्रकार हाँरी कार्तिए-ब्रेसाँ जगभर हिंडला. कॅमेऱ्याची चकाकी लोकांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून तो तिच्यावर काळी पट्टी चिकटवायचा. १९४८ साली दिल्लीत त्यानं गांधीजींची अंत्ययात्रा टिपली, लाखोंच्या गर्दीत, त्या गर्दीतलाच एक होऊन. आपल्या लेन्सवर पट्टी चिकटवायची तर एक अख्खं रीळ लागेल, आणि तरी पांढरा रंग उरेल. म्हणून तो सल्ला देत नाही.

पहाटेचा उजेड आपण मला नव्यानं दाखवलात, तेही आपलेच उपकार. हंगामात आमचं गाव अंधारातच जागं होतं. काट्यावर दिवे, गव्हाणीवर दिवे, चुलींचा जाळ, बैलांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ. हा सगळा खेळ तासाभराचा. हात न थरथरता फोटो यायचा तर शटर निदान लेन्सच्या नंबराइतकं वेगवान हवं, असा जुना ठोकताळा आहे. २०० मिमीला सेकंदाचा दोनशेवा भाग, ३५ मिमीला चाळिसावा. म्हणजे त्याच अंधारात छोट्या लेन्सला पाचपट वेळ उजेड पिता येतो. त्यात एफ/२.८च्या जागी एफ/२ असेल तर दुप्पट उजेड आणखी. कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळणारी झूम लांब केल्यावर एफ/५.६ला जाते, तिच्याशी तुलना केली तर आठपट. माझ्या त्या हंगामातल्या पहाटेच्या फोटोंत सगळी माणसं हललेली आहेत. बैल तेवढे स्थिर, कारण ते दमलेले होते.

गावाचं नाव पुसून टाकलंत, त्याबद्दल काय बोलू? लांब नंबरची लेन्स मागचं सगळं जवळ ओढते आणि धूसर करते. धुराडं चेहऱ्याला चिकटतं, रस्त्याची लांबी नाहीशी होते, गाडी, काटा, टपरी सगळं दुधात विरघळल्यासारखं होतं. मधोमध उरतो एक सुरकुतलेला चेहरा. आपल्या श्रीपूरच्या फोटोंत श्रीपूर कुठंच नाही. ते फोटो कुठल्याही गरीब मुलखाचे म्हणून खपतील, आणि तसेच खपलेही. ३५ मिमीच्या चौकटीत तो चेहरा राहिला असता आणि त्याच्याबरोबर त्याचा कोयता, त्याचं पाचट, त्याच्या गाडीची चढण, काट्यावरचा आकडा बघणारे त्याचे डोळे हेही राहिले असते. चेहरा कष्ट सांगतो. ते कष्ट कशाचे, हे आजूबाजूच्या जागेवरून कळतं.

आषाढात आपण पुन्हा आलात. तुकोबांची पालखी अकलूजहून निघते, माळीनगरला उभं रिंगण होतं, आणि बोरगावच्या मुक्कामाला जाताना ती श्रीपूरच्या कारखान्यावरून जाते. वर्षातून एकदा आमच्या दाराशी येणारं हे सुख. आपण त्या सुखात लेन्ससह उभे राहिलात. तुळस डोक्यावर घेतलेल्या म्हातारीला वळसा घालून जावं लागलं, कारण रस्त्याच्या मधे आपण वाकला होता. तिनं आपल्यालाही हात जोडले, "माउली" म्हणून. तो क्षणही आपण टिपलात. आभार मानायचे तर त्या म्हातारीचे मानावेत, पण पत्र आपल्याला आहे.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं नाव आपल्या भाषणांत मी ऐकलं आहे. त्या रोलायफ्लेक्स वापरायच्या. तो कॅमेरा छातीपोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं, म्हणजे फोटो काढणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. समोरच्याला वाटतं, हा माणूस आपल्यावर काही रोखत नाही, नमस्कारच करतो आहे. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मागचा पडदा वर उचलता येतो, छोटी लेन्स लावली की हे सहज जमतं. पालखीच्या वाटेवर मान खाली घालून फोटो काढता येतो, साहेब. दीड किलोच्या लेन्सनं तो तसा काढता येत नाही. ती बंदुकीसारखी रोखावीच लागते.

आता ज्यासाठी हे पत्र, त्याकडे येतो. इथून पुढे गोड शब्द कमी पडले तर माफ करावं.

पहिल्याच मुक्कामात, दुसऱ्या दिवशी दुपारी, आपण कोप्यांकडे गेलात. एक बाई पहाटे तीनला फडात गेलेली, दुपारी परतलेली, कोपीच्या दारात लेकराला पाजत बसली होती. आपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड उभे राहिलात आणि झूम दोनशेवर नेलीत. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, आता जातील, बसतील, विचारतील. आपण पडद्यावर फोटो पाहिलात, मान डोलावलीत आणि म्हणालात, "तिला कळलंसुद्धा नाही." आपल्या आवाजात अभिमान होता.

तो फोटो शहरात मोठा होऊन भिंतीवर लागला. खाली 'मातृत्व' असं लिहिलं होतं. टोळीतल्या एका पोराच्या मोबाइलवर तो फिरत फिरत आला. तिच्या नवऱ्यानं पाहिला, दिरानं पाहिला, मुकादमानं पाहिला. ज्या बाईला घरची माणसं सोडून कुणी तसं पाहिलं नव्हतं, तिला आता सगळ्यांनी पाहिलं होतं. आपण तिला प्रसिद्धी दिलीत. ती तिनं मागितली नव्हती, एवढीच काय ती उणीव.

तिची सासू मला काट्यावर गाठून म्हणाली, "इचारलं व्हतं का आमच्या पोरीला?" मी म्हणालो, तो फोटो माझा नाही. ती म्हणाली, "आणलं कुणी त्येला?" आपल्याला मीच आणलं होतं. तिचा बोल खरा होता. त्या दिवसापासून त्या माळावर कुठलाही कॅमेरा दिसला की पोरं दगड उचलायची. एक फोटो घेऊन आपण परत गेलात. आमच्यासाठी सगळा माळ बंद झाला.

म्हणून हात जोडून एक गोष्ट सांगतो. छोटी लेन्स लपायला सोपी असते, म्हणून रस्त्यावर ती वापरावी, असं पुष्कळ जण समजतात. आपणही तसंच समजून तिला हसलात, कारण लपायला आपल्याकडे ट्रॉली होती. पण तिची खरी गोष्ट उलटी आहे. ती छोटी असते म्हणून कुणाला दडपत नाही, कुणाचं काम थांबवत नाही, रस्ता आपल्या चालीनं चालू राहतो. आणि ती जवळची असते म्हणून काढणारा समोर दिसतो. त्याचा चेहरा दिसतो, त्याला हटकता येतं. चोरी दुरून होते, साहेब. दुरून डोंगर साजरे दिसतात ते ठीक, पण दुरून माणसं साजरी करणं बरं नव्हे.

आपल्या कार्यशाळांना दूरदूरची मुलं येतात. सुट्टीत ऊस तोडून कॅमेऱ्याचे पैसे साठवणारी मुलंही त्यांत मला दिसली. त्यांना आपण माझ्यासारखं घडवू नये, म्हणून लेन्स कशी निवडावी याचा कच्चा खर्डा सोबत जोडतो. आपल्याला त्याची गरज नाही. मुलांना तेवढा वाचून दाखवावा.

आधी स्वतःला विचारा, मी माणसांपासून किती लांब उभा राहतो? घरातलीच झूम आठवडाभर वापरा आणि आपले सगळ्यात आवडते फोटो कुठल्या नंबरावर निघाले ते बघा. तोच आपला नंबर. बाजारभर फिरायची गरज नाही. बाजाराची गर्दी, पालखी, गल्लीबोळ आवडत असेल तर २८. माणूस आणि त्याची जागा दोन्ही हवी असेल तर ३५. मन ठरत नसेल तर ४०, कारण फुल फ्रेम सेन्सरचा कर्ण सुमारे ४३ मिमी असतो आणि त्याच्या जवळचा नंबर ना फार रुंद ना फार लांब वाटतो. बुजरा स्वभाव असेल तर ५०. त्याहून लांब जायचं असेल तर बुजरेपणा थोडा कमी करावा.

हे आकडे फुल फ्रेमचे. दीडपटीच्या क्रॉप सेन्सरवर तेच काम १८, २३, २७ आणि ३५ करतात, मायक्रो फोर थर्ड्सवर १४, १७, २० आणि २५. दुकानात आकडा विचारताना आधी आपला सेन्सर सांगावा, नाहीतर ५० म्हणून घेतलेली लेन्स घरी येऊन ७५ होते.

मग आकार. कॅननची ४० मिमी एफ/२.८ ही भाकरीसारखी चपटी लेन्स २०१२ साली आली. जाडी २३ मिमी, वजन १३० ग्रॅम. आपल्या एका लेन्सच्या वजनात तशा अकरा बसतात. फुजीची २७ मिमी एफ/२.८ तर शंभर ग्रॅमच्याही आत आहे. कॅननची ५० मिमी एफ/१.८ भरते १६० ग्रॅम, निकॉनची झेड माउंटची ४० मिमी एफ/२ भरते १७० ग्रॅम. एफ/१.४च्या मोहात पडू नये. त्या एका पायरीसाठी काच फुगते, वजन फुगतं, किंमतही फुगते, आणि रस्त्यावर आपण पुष्कळदा एफ/८ लावणार असतो. पहाटेसाठी एफ/२ पुरे.

मग आवाज. लेन्सची मोटर कुरकुरते का, ते शांत खोलीत ऐकावं. अंधारात फोकससाठी पेटणारा दिवा बंद करता येतो का बघावं, कारण तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शटर मूक ठेवायचं तर एलईडी दिव्याखाली फोटोत पट्टे येतात का, ते काट्यावर एकदा तपासावं.

आणि शेवटी कडी. फोकसच्या कडीवर अंतराचे आकडे असतील तर उत्तम. निकॉनच्या जुन्या डी-मालिकेतल्या ३५ आणि ५० मिमीवर ते आहेत. ऑलिंपसच्या १७ मिमी एफ/१.८ची कडी मागे ओढली की आकडे दिसतात. आकड्यांचा उपयोग काय, तेही सांगतो. फुल फ्रेमवर ३५ मिमी, एफ/८, आणि फोकस आठ फुटांवर ठेवला, तर साधारण साडेपाच फुटांपासून पंधरा फुटांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. मग फोकस शोधत बसायला नको. पावसाळी ढगाळ दिवसाला आयएसओ ८०० आणि सेकंदाचा चारशेवा भाग चालतो. आठ फूट नजरेनं ओळखायचे कसे? वाढं छाटलेला ऊस साधारण आठ फूट भरतो. समोरचा माणूस आणि मी यांत एक ऊस आडवा बसला की कॅमेरा उचलायचा. श्रीपूरच्या पोराला यापेक्षा सोपं माप कोण देणार?

एक राहिलं. घेतलेला फोटो छापून ज्याचा त्याला द्यावा. पोस्टकार्डाएवढा छाप फार महाग नसतो. लेन्सच्या खर्चात तो धरावा. छायाचित्रकार संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर हिंडले, वारीबरोबर चालले. छायाचित्रकार सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांपर्यंत पोचले. त्यांच्या फोटोंतली माणसं आपल्याकडे बघतात ती ओळखीनं बघतात. ती ओळख दुकानात मिळत नाही आणि दीड किलोच्या काचेतून ओढूनही आणता येत नाही. तिला हंगाम द्यावे लागतात.

साहेब, मी ती मोठी लेन्स विकली. ज्यानं घेतली तो क्रिकेटचे सामने टिपतो, तिथं ती सुखात आहे. त्या पैशांत ३५ मिमीच्या कामाची छोटी लेन्स आली आणि छापखान्याचं बिल भागलं. या हंगामात पहिला महिना मी कोप्यांकडे कॅमेरा नेलाच नाही. बैलांच्या पत्र्या मारणाऱ्याकडे बसलो, टपरीवर चहा पाजला, दोन लेकरांचे शाळेचे फोटो काढून दिले. दुसऱ्या महिन्यात कॅमेरा गळ्यात घालून गेलो, तो नुसता लटकत राहिला. तिसऱ्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या, "बैलांचा काढ की एक." त्यांच्या कोपीला आता तो फोटो लावलेला आहे.

ती बाई यंदाही त्याच टोळीत आली आहे. परवा पहाटे ती चुलीपुढे बसली होती. जाळ तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता, लेकरू आता चालायला लागलेलं, तिच्या पाठीला धरून उभं होतं. असा उजेड मला दहा वर्षांत मिळाला नव्हता. आमच्यात एका उसाचं अंतर होतं. मी कॅमेरा उचलला. तिनं वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आज नगं, दादा."

मी कॅमेरा खाली घेतला. तिनं लेकराला मांडीवर ओढलं आणि भाकरी उलटली.

तो फोटो माझ्याकडे नाही. पण ते "नगं" माझ्या कानांपर्यंत पोचलं, कारण मी आठ फुटांवर होतो. आपण त्या दुपारी तीस फुटांवर होता. तिनं कळून नको म्हटलं असतं, तरी आपल्याला ऐकू गेलं नसतं. लेन्सचा नंबर निवडायचा तो एवढ्याचसाठी, समोरच्याचं "नको" ऐकू येईल इतकं जवळ उभं राहावं लागेल असा.

पुढच्या हंगामात जरूर यावं. बॅग मीच उचलीन, ती हलकी असेल तर. आल्यावर आधी त्या सासूबाईंपुढे जाऊन बसावं आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. तो प्रश्न दोन हंगाम आपली वाट बघतो आहे. आणि तो भिंतीवरचा फोटो उतरवून तिच्या स्वाधीन करावा, ही पायांवर डोकं ठेवून विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
एकेकाळी आपली बॅग उचललेला